पहिल्या बाकावरच्या चार जागा

मास्तरांना मापाशिवाय माणूस दिसतच नसे. नवं कुणी दुकानाच्या पायरीवर उभं राहिलं, की नाव विचारायच्या आधी त्यांच्या डोळ्यांनी खांदे मोजून झालेले असायचे. "डावा अर्धा इंच खाली," अशी मनात नोंद व्हायची आणि मग तोंडातून "या, बसा" निघायचं. चाळीस वर्षं हेच केलं. मंडळीतल्या गाणाऱ्यांचे पांढरे झगे, बाळांची बाप्तिस्म्याची अंगडी, नवरदेवांचे कोट, सगळं त्यांच्याच मशीनवरून उतरलेलं. दोनदा माप, एकदा कातर, हा त्यांचा नेम. एकदा कापलेलं कापड देवालाही जोडता येत नाही, असं ते म्हणायचे आणि लगेच जीभ चावून सुधारायचे, "म्हणजे, देव जोडेल हो, पण शिवण दिसेल."

म्हणूनच पाच महिन्यांनी चर्चचं कुलूप काढायची वेळ आली, तेव्हा पाळकसाहेबांनी दुसऱ्या कुणाला न विचारता मास्तरांना फोन केला.

"मास्तर, टेप घेऊन या. या वेळी माणसांचं नाही, बाकांचं माप घ्यायचंय."

साथ अजून गेली नव्हती, नुसती जरा मागे सरली होती. उपासना सुरू करायची परवानगी आली ती अटींची शेपटी घेऊनच. दोन माणसांत सहा फूट अंतर, सगळ्यांच्या तोंडाला मास्क, गाणं नाही, हातात हात नाही, आणि पासष्टच्या वरच्यांनी घरीच राहावं. स्वतः मास्तर बासष्टचे. "तीन वर्षांनी लहान आहे म्हणून काम मिळालं," असं ते बायकोला म्हणाले.

दोन दिवस मास्तर त्या बंद चर्चमध्ये ओणवे होऊन फिरत होते. पुढे ते टेप धरून, मागून त्यांची बायको ओलं फडकं घेऊन. बाकांवर धूळ अशी साचली होती, की बोटाने नाव लिहावं. बारा रांगा, मधून वाट, वाटेच्या दोन्ही बाजूंना एकेक बाक. एक रांग सोडून एक बसवली, आणि बाकाच्या दोन टोकांना दोघेच ठेवले, तर पुढच्याच्या मानेपासून मागच्याच्या मानेपर्यंत सहा फूट दोन इंच भरत होतं. सहा रांगा, चोवीस जागा. मास्तरांनी प्रत्येक जागेवर खडूने खूण केली, तिच्यावर आकडा घातला आणि कंबर सरळ करत म्हणाले, "वर दोन इंच सैल ठेवलेत. दाटीत काही बसवू नये."

मंडळी शंभरावर. त्यांतले चोवीस कोण, यावर कमिटीची बैठक झाली, मैदानात, लांब लांब खुर्च्या टाकून, ओरडून बोलत. साथीत मंडळीतली पाच माणसं गेली होती. पहिल्या रविवारी त्यांची नावं वेदीसमोर वाचायची, हे पाळकसाहेबांचं आधीच ठरलेलं. त्या पाचही घरांत मागे एकेक म्हातारा जीव उरला होता, कुणाची बायको गेलेली, कुणाचा नवरा. पाचही पासष्टच्या पुढचे. पण त्यांतल्या कुणालाच आपल्या माणसाच्या खड्ड्याजवळ जाता आलं नव्हतं. तेव्हा एवढ्या एका रविवारापुरती त्यांना सूट द्यायची, असं सगळ्यांनी मान डोलावून मान्य केलं. बाकीच्यांना पाळीपाळीने.

त्या पाचांत एक मास्तरांची आक्का होती.

आई गेली तेव्हा मास्तर सहा वर्षांचे आणि आक्का सतराची. तिने त्यांना न्हाऊ घातलं, भरवलं, रविवारी केस चोपून भांग पाडला आणि मनगटाला धरून चर्चमध्ये नेलं. शर्टाचं बटण लावायला शिकवलं तेही तिनेच. लग्न केलं तेसुद्धा, "हा माझ्याबरोबर येईल," हे आधी कबूल करून घेऊन. दाजी पोस्टमन. भला माणूस. लहान मेहुण्याला सायकलच्या पुढच्या दांडीवर बसवून पत्रं वाटायला न्यायचे. त्या दाजींना साथीच्या पहिल्याच लाटेत इस्पितळात नेलं. नवव्या दिवशी निरोप आला. चौघांनी, डोक्यापासून पायापर्यंत प्लास्टिक चढवून, त्यांना मातीत ठेवलं. आक्काला गाडीतून उतरू दिलं नाही. काचेतून तिला चार पांढरे आकार दिसले, त्यांत दाजी कुठे होते तेही कळलं नाही.

"नाव वाचतील ना रे?" ती फोनवर दर दोन दिवसांनी विचारायची.

"वाचतील, आक्का. पहिल्याच रविवारी."

"मग मला माझ्या कानांनी ऐकायचंय. एकदा देवाच्या घरात त्यांचं नाव ऐकलं, की ते गेले असं मी धरेन. तोवर मला वाटतं, अजून कुठेतरी टपाल वाटतायत."

मास्तरांनी तिला तिसऱ्या रांगेत, खिडकीजवळ जागा दिली. जागांचा तक्ता दारावर लागला तेव्हा औषधाच्या दुकानाचे मालक, कमिटीतले दुसऱ्या नंबरचे, चष्मा वर करून बघत म्हणाले, "काय मास्तर, हवेशीर जागा ताईंना? टेलरच्या घरचा सदरा आधी शिवला जातो वाटतं!"

सगळे हसले. मास्तरही हसले. पण कॉलरमध्ये राहून गेलेल्या टाचणीसारखं ते वाक्य त्यांना दिवसभर मान वळवली की टोचत राहिलं.

गुरुवारी दुपारी पाळकसाहेबांनी एक रंगीत तालीम ठेवली. कमिटीचे अध्यक्ष, औषधवाले, पेटी वाजवणाऱ्या बाई आणि मास्तरांची बायको, असे चौघे वेगवेगळ्या खुणांवर बसले. मास्तर दाराशी उभे. रविवारीही त्यांचं काम तेच होतं, उभं राहून अंतरावर लक्ष ठेवायचं. पाळकसाहेबांनी वचन वाचलं, दोन शब्द सांगितले आणि सवयीच्या सुरात म्हणाले, "आपण प्रार्थना करू या."

चौघेही उठले, गर्रकन मागे वळले, जमिनीवर गुडघे टेकले, कोपरं आपापल्या बाकावर ठेवली आणि ओंजळीत तोंड घातलं.

त्या मंडळीची रीतच ती. बाप-आजापासून प्रार्थना अशीच, वेदीकडे पाठ करून, आपल्याच बसायच्या जागेवर डोकं टेकून. ती इतकी अंगात मुरलेली, की माप घेताना मास्तरांच्या ध्यानातही आली नव्हती. त्यांनी बसलेल्या माणसांच्या पाठी मोजल्या होत्या. आणि माणसं तर वळली होती.

"आमेन" होईपर्यंत मास्तर टेप काढून रांगांत शिरले होते.

"हलू नका, तसेच राहा."

"अहो, गुडघे!" पेटीवाल्या बाई कळवळल्या.

"एक मिनिट, बाई."

टेकलेलं डोकं मागच्या रांगेच्या दिशेने दीड फूट सरकत होतं. मागचाही वळून टेकला असेल तर काळजी नव्हती, त्याचंही डोकं तेवढंच सरकतं आणि त्याची पाठ असते. पण जो गुडघे टेकू शकत नाही, बसूनच राहतो, त्याच्या पुढ्यात समोरच्याचं तोंड येत होतं. पापांची कबुली मोठ्याने म्हणायची असते. मास्क नाकाखाली घसरलेला असतो. सहा फुटांचे साडेचार झालेले. आणि गुडघे न टेकणारे कोण? तेच पाच. ज्यांना साथीपासून सगळ्यात जास्त जपायचं, तेच.

"एवढंच ना?" अध्यक्ष पँट झटकत म्हणाले. "सूचना देऊ, वळायचं नाही. बसूनच प्रार्थना."

"बघू या," पाळकसाहेब म्हणाले. त्यांनी चौघांना पुन्हा बसवलं, बजावून सांगितलं, कुणी वळायचं नाही. थोडं वाचन केलं आणि सहज म्हणाले, "आपण प्रार्थना करू या."

औषधवाले बसून राहिले. मास्तरांची बायको अर्धी उठून परत बसली. पेटीवाल्या बाई वळल्याच. आणि अध्यक्ष? ज्यांनी सूचना सुचवली होती, ते पूर्ण गुडघ्यांवर, ओंजळीत तोंड घालून! वर कुणी हसतंय हे ऐकून ते बोटांच्या फटीतून म्हणाले, "सत्तावन्न वर्षांची खोड आहे हो. तोंड ऐकतं, गुडघे ऐकत नाहीत."

हसणं ओसरलं तेव्हा मास्तरांनी तक्ता काढला. एकच वाट होती. न वळणाऱ्यांना पहिल्या रांगेत बसवायचं. त्यांच्यापुढे वेदीच, आणि पाळकसाहेब तिथून दहा फुटांवर. पहिल्या रांगेत जागा चार. माणसं पाच.

"एक खुर्ची टाका की बाजूला, पेटीपाशी," पेटीवाल्या बाई म्हणाल्या. "मी सरकून बसते."

साधी गोष्ट होती. मास्तरांनी मनात मापही घेतलं, बसत होती खुर्ची. पण ती खुर्ची मास्तरांच्या बहिणीसाठीच टाकली असं म्हटलं जाणार, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी औषधवाल्यांकडे पाहिलं. ते नुसतं तक्त्याकडे बघत होते. तेवढं पुरलं.

"नको," मास्तर म्हणाले. "आज एक खुर्ची, पुढच्या रविवारी दहा जण मागतील. नियम म्हणजे नियम. पाचांत माझ्या बहिणीची छाती सगळ्यात अधू आहे. तिला मी सांगतो."

"मास्तर, विचार करा," पाळकसाहेब हळूच म्हणाले. "दोनदा माप, तुम्हीच म्हणता."

"केलाय विचार."

रस्त्याने जाताना बायको म्हणाली, "खुर्ची बसत होती ना हो?"

"लोक काय म्हणतील, ते तुला नाही कळायचं."

"मला तेच कळलं," ती म्हणाली.

शुक्रवारी सकाळी ते आक्काकडे गेले. पाच महिन्यांत ते तिच्या घरात शिरले नव्हते. ती खिडकीत बसायची, ते अंगणात उभे राहायचे. कपडे तिने आधीच बाहेर काढून ठेवलेले दिसत होते. इस्त्री केलेली पांढरी साडी आतल्या खुर्चीवर, घडीवर घडी जुळवून.

मास्तरांनी सगळं सांगितलं. बाक, वळणं, दीड फूट, चार जागा. शेवटी ते म्हणाले, "तुझ्या छातीसाठीच गं. डॉक्टर काय म्हणाले आठवतंय ना?"

"छातीला गेल्या आठवड्यात काय झालं होतं? तेव्हा तर तिसऱ्या रांगेत होते मी."

"तेव्हा माझ्या लक्षात आलं नव्हतं."

"बरं. मग त्या चौघांच्या छात्या काय लोखंडाच्या आहेत?"

मास्तर खाली बघत राहिले.

"बाळ्या, वर बघ. लहानपणी खोटं बोललास की असाच पायाचा अंगठा रोवायचास. तुला कुणी काही बोललं?"

"नाही."

"बोललं. आणि लोकांनी तुला नावं ठेवू नयेत म्हणून तू मला बाहेर ठेवलंस. सरळ सांग ना. मला ते पचेल. माझ्या भल्यासाठी म्हणू नकोस, ते घशात अडकतं."

"तुझी सूट पुढे ढकलून घेतो, नंतरच्या एखाद्या रविवारी तू पहिल्या रांगेत. पाळकसाहेब तुझ्यासाठी पुन्हा नाव वाचतील, मी विचारतो."

"पुन्हा? तो काय शाळेचा हजेरीपट आहे, गैरहजर होते, परत पुकारा म्हणायला?" तिला खोकला आला. तो थांबेपर्यंत मास्तर जागच्या जागी उभे राहिले. पाणी द्यायला पुढे जावं, तर नियम. "जा तू. नीट बघ सगळं. कुणाला त्रास होऊ देऊ नकोस."

रविवारी मास्तर सहालाच चर्चमध्ये होते. खिडक्या सताड उघडल्या, दाराच्या दोन्ही फळ्यांना दगड लावले, कडी-कोयंडा पुसला. साडेआठपासून माणसं यायला लागली. एरवी दारात गळ्यात पडणारी माणसं लांबून हात जोडत होती, मास्कवरच्या डोळ्यांवरून एकमेकांना ओळखत होती. "कोण तुम्ही?" "अहो, मी!" "अगं बाई, बारीक झालात!" असं चाललेलं. मास्तर एकेकाला खुणेवर बसवत गेले.

पहिल्या रांगेत तिघं आले. चौथी जागा रिकामीच.

नऊला दहा मिनिटं कमी असताना त्या चौथ्या गृहस्थांच्या सुनेचा फोन आला. मामांजींना रात्री नीट झोप नाही, घाबरलेत, येत नाहीत म्हणतात. मास्तरांनी फोन खिशात टाकला आणि घड्याळाकडे पाहिलं. आक्काचं घर चालत दहा मिनिटांवर. सायकलवर चार. ती साडी नेसूनच बसली असेल, हे त्यांना शपथेवर सांगता आलं असतं. नुसता एक फोन. ते दारातून एक पायरी खाली उतरलेही.

मग विचार आला, की जागा रिकामी झाली आणि टेलरची बहीण हजर! आधीच ठरवून ठेवलं होतं म्हणतील. यादीत नाव नाही, तिला आत घेणार कोण? आपणच. मास्तर पायरीवर उभे राहिले. आतून पेटी सुरू झाली. कुणी गात नव्हतं, नुसते सूर, आणि मास्कच्या आत माणसं शब्द गिळत होती. मास्तर पायरी चढून जागेवर येऊन उभे राहिले.

नावं वाचायच्या वेळी पाळकसाहेब प्रत्येक नावानंतर थांबत होते. दाजींचं नाव चौथं आलं. पाळकसाहेबांनी पूर्ण नाव घेतलं आणि पुढे म्हणाले, "आपल्या सगळ्यांच्या दारात आलेले." तेवढ्यात त्यांचा आवाज बसला. मग "आपण प्रार्थना करू या" झालं, आणि सगळी मंडळी वळली, टेकली. वीस माणसांची तोंडं मागे झाली. पहिल्या बाकावरचे तिघे समोर बघत बसून राहिले, त्यांच्याकडे कुणाचाच श्वास जात नव्हता. माप अचूक होतं. मास्तर दाराशी उभे राहून ते अचूक माप बघत होते, आणि मधल्या वाटेच्या कडेची ती एक जागा.

दोन आठवडे गेले. कुणी आजारी पडलं नाही. अध्यक्षांनी फोन करून सांगितलं, मास्तर, तुमच्यामुळे. औषधवाले मात्र भेटल्यावर म्हणाले, "काही झालं नसतंच हो. उगाच बाऊ केलात तुम्ही." दोघांपैकी कोण खरं, हे कळायला मार्गच नव्हता. जे झालं नाही, त्याचं माप कुठल्या टेपने घ्यायचं?

तिसऱ्या शनिवारी ते आक्काकडे गेले. एवढे दिवस ती फोन उचलत होती, पण "बरी आहे" पलीकडे बोलत नव्हती. ती खिडकीत तांदूळ निवडत बसली होती.

"कमिटीने तुझी सूट पुढे ढकलली, उद्या तुझं नाव आहे यादीत. पहिली रांग."

"एक जागा रिकामी होती म्हणे त्या दिवशी."

मास्तरांना वाटलं होतं, हे तिच्यापर्यंत पोचलं नसेल. "होती."

"केव्हा कळलं तुला?"

खोटं बोलता आलं असतं. "दहा मिनिटं आधी."

आक्काने एक खडा वेचून खिडकीबाहेर टाकला.

"मी नेसून बसले होते. अकरापर्यंत," ती म्हणाली. "कसं वाचलं नाव?"

"पूर्ण नाव घेतलं. आपल्या सगळ्यांच्या दारात आलेले, म्हणाले. रडू आलं त्यांना."

"आणि सगळ्यांनी गुडघे टेकले?"

"सगळ्यांनी."

"तू?"

"मी उभा होतो, आक्का. माझं काम उभं राहायचं होतं."

"म्हणजे त्यांच्या नावाला आपल्या घरचं कुणीच गुडघ्यांवर नव्हतं." ती हे रागाने म्हणाली नाही. हिशेब जुळत नसला की माणूस परत एकदा मोजून बघतं, तशी म्हणाली. "सायकलच्या दांडीवर बसवून फिरवायचे ते तुला."

मास्तरांचे डोळे भरले. "चुकलो मी, आक्का. खुर्चीही बसत होती. मी नको म्हणालो."

हे तिला ठाऊक नव्हतं. तिने मान वर केली आणि त्यांच्याकडे पाहिलं, अगदी बारकाईने, जसं ते गिऱ्हाइकाकडे बघायचे. काही म्हणेल म्हणून ते थांबले. तिने ताट उचललं, आत गेली, भांड्यांचा आवाज आला, तांदूळ धुतल्याचा आवाज आला.

"उद्या मी येणार आहे," आतूनच ती म्हणाली. "देवासाठी. तुझ्या यादीसाठी नाही. आणि मला दारात उतरवून घ्यायला तू पुढे होऊ नकोस, दुसऱ्या कुणाला सांग."

"बरं," मास्तर म्हणाले.

ते अजून थोडा वेळ अंगणात उभे राहिले. मग कुंपणाचं फाटक हळू ओढून घेतलं आणि चर्चकडे वळले. उद्याच्या चोवीस जागा पुसायच्या होत्या.